रिकामी खिडकी

"हे 'कदाचित' कुठून दिसतं?" गुद्रुनबाईंनी कागदावर पेन्सिल टेकवून विचारलं.

आस्गरने त्या शब्दाकडे पाहिलं. त्याच्या कादंबरीवर सिनेमा निघणार होता आणि पटकथा त्यालाच लिहायची होती. म्हणून पन्नाशी उलटल्यावर तो डेन्मार्कातल्या ओडेन्समध्ये बाईंच्या स्वयंपाकघरात मुळाक्षरं गिरवायला बसला होता. बाईंचा उभा जन्म पटकथा लिहिण्यात गेला होता आणि त्यांचा धडा एकच होता: जे दिसतं आणि जे ऐकू येतं तेवढंच लिहायचं, बाकीच्यावर काट. कादंबरीकाराला हा म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

लेखकाने आपला प्रसंग स्वतः वाचायचा नाही, घरचं माणूस आणून त्याच्याकडून वाचून घ्यायचा, ही बाईंची आणखी एक रीत. आस्गरने थोरल्या बहिणीला, मेरेटेला, आणलं होतं. ती हौसेने आली होती. आई गेल्यावर ती कित्येक वर्षं त्याच्याशी धड बोलत नव्हती. कादंबरी वाचून तिनेच होऊन फोन केला होता, "आता कळलं रे तुझं," म्हणाली होती. पुस्तकाला मिळालेल्या बक्षिसांपेक्षा आस्गरला तो फोन मोलाचा होता.

"पुन्हा वाच गं," बाई मेरेटेला म्हणाल्या.

मेरेटेने चष्मा सावरला. "आईचा वाढदिवस. अंगणात खांबावर वाढदिवसाचा झेंडा. रस्त्यावर आस्गरची गाडी थांबते. तो उतरत नाही. आजारी आईचं तोंड बघायचं धैर्य त्याला होत नाही. आई कदाचित आत झोपली असेल. तो गाडी वळवतो."

धैर्याच्या वाक्यावर बाईंनी तिथल्या तिथे काट मारली. कादंबरीत त्या न झालेल्या धैर्याचीच पानंच्या पानं होती, आणि ती वाचून लोक रडले होते. आता उरलं एवढंच, की गाडी आली आणि गाडी गेली. आस्गरला ते बघवेना.

"अरे बाबा, कॅमेरा कुठेतरी ठेवावा लागतो," बाई म्हणाल्या. "आई खिडकीत आहे की नाही? असेल तर दाखव. नसेल तर रिकामी खिडकी दाखव. 'कदाचित'चा फोटो निघत नाही."

"ते मी वाचकावर सोडलंय, बाई."

"वाचकावर सोडलंस, का स्वतःची सुटका करून घेतलीस?"

मेरेटे खुदकन हसली. दालचिनीचा पाव मोडत म्हणाली, "लिही ना रिकामी खिडकी. त्यात एवढं काय अडलंय?"

काहीच अडायला नको होतं. दोन शब्दांचं काम. आस्गरने पेन्सिल उचलली, पण ती पुढे सरकेना. सबंध पुस्तक त्याने त्या एका 'कदाचित'च्या आडोशाला बसून लिहिलं होतं. त्याच पुस्तकाच्या जोरावर बहीण पुन्हा शेजारी बसून पाव खात होती. त्याला स्वतःची शिसारी आली.

"खिडकीत होती," तो म्हणाला. "हातात कॉफीची किटली होती. मला बघून तिने हात वर केला."

मेरेटेच्या हातातला घास हातातच राहिला. "आणि तू गेलास?"

"गेलो."

"वर फोन करून पुलाची थापही मारलीस?"

"कसली थाप?"

"आता कानावर हात ठेवू नकोस. संध्याकाळी मी पोचले तेव्हा आई म्हणाली, आस्गरचा फोन आला होता, वाऱ्याने समुद्रावरचा पूल बंद केलाय, बिचारा पलीकडेच अडकला. अरे, सूर्य मावळायच्या आत झेंडा मीच उतरवला त्या दिवशी! पान हलत नव्हतं. झेंडा खांबाला चिकटून लोंबत होता. तेव्हाच म्हटलं, हा मरणाच्या दारातल्या आईशी खोटं बोलला. तोच राग धरून बसले होते. तुझं पुस्तक वाचलं आणि म्हटलं, घाबरला असेल, मारली असेल थाप, जाऊ दे."

"मी फोन केलाच नव्हता," आस्गर म्हणाला.

 मेरेटेने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि हलकेच डोळे पुसले. बाईंनी उगीचच कपात कॉफी ओतली.

"लिही," मेरेटे म्हणाली. "संध्याकाळ. आईच्या नावापुढे लिही. 'आस्गरचा फोन आला होता. वाऱ्याने पूल बंद केलाय.'"

आस्गरने लिहिलं. अक्षर त्याचं वाटत नव्हतं. बाईंनी सवयीने पेन्सिल उचलली, ओळ वाचली आणि पेन्सिल खाली ठेवली.

"हे ऐकू येतं," त्या म्हणाल्या. "राहू दे."

मेरेटे उठून कोट चढवू लागली.

"थांब, मी सोडतो ना. गाडी आहे," आस्गर म्हणाला.

"नको. मी बसने जाईन."

दार लागलं तसा तो खिडकीशी गेला. नोव्हेंबरातली दुपार, चारलाच अंधारून आलं होतं. मेरेटे समोरच्या थांब्यावर उभी होती. त्याने हात वर केला. तिने मान उचलून खिडकीकडे पाहिलं. मग बस आली आणि ती चढली.

कदाचित तिला आपण दिसलो नसू, असं म्हणायची सोय नव्हती. त्याच्या मागे स्वयंपाकघरातला दिवा लख्ख जळत होता.