सतरा नंबरची पेटी

पत्र एकूण अकरा ओळींचं होतं. घराबद्दल तीन ओळी, पायमोज्यांबद्दल एक, आणि उरलेल्या सात सतरा नंबरबद्दल. तोफगोळ्यांच्या कारखान्यातल्या झडतीवालीने ते सकाळपासून चारदा वाचलं. हिशेब काही बदलला नाही.

'पायमोजे मिळाले,' एवढंच नवऱ्याने आघाडीवरून लिहिलं होतं. महिनाभर विणले होते तिने. पुढे लिहिलं होतं: 'इथे येणाऱ्या गोळ्यांच्या प्रत्येक पेटीत भरणाऱ्या बाईच्या नंबराची चिठ्ठी असते. परवा शेजारच्या तोफेत गोळा नळीतच फुटला. तिघं गेले. सतरा नंबरची पेटी उघडली की आम्ही निर्धास्त असतो. कोण गं ही बाई? तू तर तिथेच असतेस. माझे आभार सांग तिला. हात सोन्याचे असणार तिचे.'

सोन्याचे! पिवळे होते खरे. भरणीच्या शेडमधल्या सगळ्याच बायकांचे होतात. गोळ्यांत भरायच्या दारूची पावडर कातडीत शिरते आणि साबणाला दाद देत नाही.

झडतीवालीने पत्र पोलक्यात खोचलं आणि आतल्या फाटकाशी उभी राहिली. या फाटकापलीकडे धातूचा कणही जायचा नाही. पिन नाही, हुक नाही, बोटातली अंगठी नाही. लोखंड फरशीवर घासलं तर ठिणगी पडते, आणि तिसरी शेड जिथे होती तिथे आता तळं साचलं होतं. नेमकं काय पडलं होतं हे सांगायला कुणी उरलं नव्हतं.

तिने स्वतःही भरणीतच काम मागितलं होतं. डॉक्टरने हात पुढे धरायला सांगितले, बोटं थरथरली, आणि तिची रवानगी फाटकावर झाली.

"आवरा की हो ताई," रांगेतली एकजण म्हणाली. "काय गुदगुल्या करताय का?"

"तुला करून काय मिळणार मला? हात वर कर."

मग सतरा आली. हातांबरोबर कपाळावरचे केसही पिवळट तांबूस झालेले. इतर बायका त्या रंगात आजारी दिसायच्या. ही मात्र उन्हात उभी असल्यासारखी दिसायची, आणि झडतीवालीला नेमकं तेच खुपायचं.

"लग्नाआधीच हात पिवळे झाले हिचे," मागून कुणीतरी म्हणालं. "बापाचा खर्च वाचला!"

रांग हसली. सतराही हसली. झडतीवालीने तिचे खिसे चाचपले, कंबर चाचपली, टोपी काढून वेणीत बोटं घातली.

बोटांना काहीतरी टोचलं.

केसांची पिन. लोखंडी, बोटाच्या दोन पेरांएवढी. सतराच्या मानेचे स्नायू एकदम ताठ झाले.

"ताई," ती ओठ न हलवता पुटपुटली, "सकाळी केस धुतले... घाईत राहिली हो."

नियम अगदी सोपा होता. एक पिन सापडली की नाव कापायचं, तिथल्या तिथे. तिसऱ्या शेडपासून माफी नव्हती कुणालाच. झडतीवालीला खोटं बोलायचीही गरज नव्हती. हात वर करून पिन दाखवली की झालं. उद्यापासून त्या पेट्यांत सतराची चिठ्ठी नसणार.

तिने रांगेकडे पाहिलं. सतराच्या मागे बेचाळीस उभी होती, जांभई देत. सतराची जागा रिकामी झाली की तिच्या वाट्याचे गोळे हिलाच भरायला मिळणार होते. परवाच बेचाळीसचे दोन गोळे तपासणीतून परत आले होते. वितळलेली दारू ओतल्यावर ती निवेपर्यंत लाकडी काडीने ढवळत राहावं लागतं, नाहीतर आत हवेची पोकळी राहते. असा गोळा कधीकधी तोफेच्या नळीतच फुटतो. बेचाळीस ढवळता ढवळता गप्पा मारायची.

परत आले ते दोन. तपासणी काही प्रत्येक गोळ्याची होत नव्हती.

"काय गं, एवढा वेळ?" टेबलावरून मुकादम ओरडला. "सापडलं का काही?"

झडतीवालीने मूठ मिटली. पिन तळव्यात रुतली.

"नाही हो," ती मोठ्यांदा म्हणाली. "उवा बघत होते. बऱ्याच आहेत."

अख्खी रांग खिदळली. सतराचा पिवळा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ती काही बोलणार होती, पण झडतीवालीने टोपी तिच्या डोक्यावर अशी दाबली की डोळेच झाकले गेले.

"चल, हो पुढे. आणि हे बघ, पार निवेपर्यंत काडी थांबवायची नाही. मान मोडली तरी."

"नाही थांबवणार, ताई."

"पुन्हा केस धुऊन आलीस तर मीच कापीन."

जेवणाच्या सुट्टीत झडतीवाली भिंतीच्या सावलीत बसली. वाऱ्याने केस तोंडावर येत होते. तिने ती पिन स्वतःच्या केसांत खोचली. फाटकाच्या या बाजूला पिनेला मनाई नव्हती. मग गुडघ्यावर कागद ठेवून तिने उत्तर लिहायला घेतलं. अक्षर नेहमीसारखंच थरथरत उमटलं.

'तुमचे आभार पोचवले. सतरा नंबरवाली साठीच्या पुढची आहे. तोंडात दात नाही, कानाने ऐकू येत नाही. पण कामाला चोख आहे. तिची पेटी आली की निर्धास्त राहा.'

जरा थांबून तिने खाली आणखी एक ओळ लिहिली.

'पायमोजे पायाला बसतात का, ते नीट लिहा.'