तुम्हीच दाखवा, काका

मुलीला जुळं झालं त्या वर्षी घर विकायचं ठरलं. ठरवलं बायकोने. मुलीच्या जवळपास लहानसं घर घेऊ, नातवंडं खेळवू, असं ती म्हणाली. नवरा हो म्हणाला, कारण तिला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. पण त्याचा जीव ह्या तिसऱ्या मजल्यात अडकला होता. खिडकीजवळची खुर्ची, खालचा चौक, चौकातलं त्याचं चष्म्याचं जुनं दुकान, सगळं इथेच होतं.

"दुकान विकलंत तेव्हा एवढं तोंड पाडलं नव्हतं," बायको म्हणाली.

"दुकानात मी झोपत नव्हतो."

"झोपत होतात. रोज दुपारी."

पहिला एजंट आला, त्याने झपाझप खोल्या मोजल्या, फोटो काढले आणि माणसांकडे बघितलंही नाही. बायकोने त्याला गोड बोलून वाटेला लावलं.

दुसरी एक बाई होती. हुशार, चटपटीत. "चाव्या माझ्याकडे द्या. गिऱ्हाईकं मी फिरवते, तुम्हाला त्रास नको. बघता बघता घर जाईल."

"घर मालकाने दाखवायचं," बायको म्हणाली. "आमची तशी पद्धत आहे."

बाई गेल्यावर नवऱ्याने विचारलं, "कधीपासूनची पद्धत? आपण आजवर एकही घर विकलेलं नाही."

"आजपासूनची."

तिसरा एजंट धापा टाकत वर आला. गोल, घामाघूम. तो बसला तशी खुर्ची कुरकुरली. पाणी प्यायला, चहा प्यायला, मग आणखी चहा. घर बघायला आलोय हे त्याच्या लक्षातच राहिलं नाही.

"राहतोस कुठे?" बायकोने विचारलं.

"मागच्याच गल्लीत, काकू. आई आणि मी."

"आईचं कोण बघतं?"

"मीच. ती बसल्या जागेवरून हुकूम सोडते, मी करतो."

"आणि धंदा?"

"चाललाय म्हणायचं, काकू."

नवऱ्याने मनातल्या मनात टाळी वाजवली. हा काही सात जन्मांत घर विकत नाही.

"काम तुझं," बायको म्हणाली. ती त्याला सोडायला जिन्यापर्यंत गेली आणि बराच वेळ तिथेच बोलत उभी राहिली.

"एवढं काय बोलत होतीस?"

"दलालीचं."

मग दर रविवारी एजंट गिऱ्हाईक घेऊन येऊ लागला. दारातूनच म्हणायचा, "तुम्हीच दाखवा, काका." बायको खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहायची. उठवत नाही म्हणायची.

पहिल्या रविवारी फजिती झाली. एका बाईने विचारलं, "पाण्याचा मेन कॉक कुठे आहे?" नवऱ्याने चपलांचं कपाट उघडलं. जन्मभर त्याने लोकांना चष्मे लावून दिले, पण स्वतःच्या घरातला साखरेचा डबा त्याला कधी दिसला नव्हता.

"शोभा केलीत," बायको म्हणाली. "आता शिकून घ्या. आणि गिऱ्हाईकाला चहाही तुम्हीच करायचा. मालकाच्या हातचा चहा प्यायला की माणूस भाव पाडत नाही."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"साखर उजवीकडच्या डब्यात आहे."

आठवडाभर ती खुर्चीतून सांगायची आणि तो करायचा. पाण्याचा कॉक, फ्यूज, धुण्याच्या मशीनचं बटण, कुठल्या शेगडीला जाळ कमी लागतो ते. गिऱ्हाईकंही एकेक भारी होती. एक म्हातारा बेडरूममध्ये डोकावलासुद्धा नाही, पण तांदूळ किती वेळ भिजवता आणि पाणी किती घालता हे खोदून खोदून विचारून गेला.

"घर घ्यायला आला होता की जेवायला?" नवरा चिडला. हसता हसता बायकोला ठसका लागला, तो बराच वेळ थांबेना.

मग नवऱ्याला एक युक्ती सुचली. घराच्या खोडी सांगायच्या, म्हणजे गिऱ्हाईक पळेल. पण खोडी सांगायच्या तर त्या ठाऊक हव्यात. त्याने घर धुंडाळलं. न्हाणीघरातला नळ गळत होता, एक खिडकी अडत होती, मशीन धुता धुता नाचत होतं. पण बारीक स्क्रू फिरवण्यात आयुष्य गेलेला माणूस तो. गळका नळ बघून हात शिवशिवले. नळ दुरुस्त झाला, खिडकी सुटली, मशीनच्या पायाखाली पुठ्ठा आला.

"विकायच्या घराची एवढी डागडुजी?" बायकोने विचारलं.

"चार लोकांत लाज नको."

तिनेही आपलं कपाट आवरायला घेतलं. भरलेल्या कपाटाने खोली लहान दिसते म्हणाली. तिचे बरेचसे कपडे मुलीकडे गेले.

गिऱ्हाईक नाही म्हणून गेलं की नवरा शीळ घालत कप विसळायचा.

"नाही म्हणाले?"

"नाही म्हणाले बिचारे."

"असू दे," ती म्हणायची. "पुढच्या रविवारी बघू."

एका रविवारी एजंट एकटाच आला. नवऱ्याने चहा टाकला, हात आपोआप उजवीकडच्या डब्याकडे गेला. दोघं खिडकीशी बसले.

"आज गिऱ्हाईक नाही?"

"आता नाही येणार, काका." एजंटने कपात बघितलं. "कॉक विचारणारी ती माझी मावशी. भातवाला आमच्या गल्लीतला न्हावी."

"म्हणजे घर..."

"विकायला काढलंच नव्हतं कधी. काकूंनी पहिल्याच दिवशी जिन्यात सांगितलं, हे घर कोणाला विकू नकोस. फक्त ह्यांना दाखव. आणि नंतरही रविवार चुकवू नकोस."

नवऱ्याने त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

बायको गेली ती त्या रविवारच्या आधीच्या महिन्यात, एका बुधवारी सकाळी. जुळी तेव्हा नुकती धरून उभी राहायला लागली होती. डॉक्टरांनी बायकोला आजार सांगितला तेव्हा जुळी अजून आईच्या पोटात होती.