पाचव्या मोसमाचं पान

"मॅडम, पाचव्या सीझनमधी पहिला मी आलो होतो. इथं दुसऱ्याचंच नाव हाय."

मोताळ्याच्या गॅरेजमध्ये गंधारने लॅपटॉपवरचं पान तिसऱ्यांदा वाचलं. निवेदिता पुण्याहून आली होती. गंधार जिच्यात धावायचा ती एकाच बनावटीच्या स्पोर्ट्स कारची शर्यतमालिका यंदा बंद पडली होती आणि मालिकेच्या अकरा वर्षांचा इतिहास निवेदिता लिहीत होती. पुस्तक उद्या छपाईला जाणार होतं.

"तुमचं नाव खाली आहे," ती हळूच म्हणाली. "अपात्र चालकांमध्ये."

सगळ्यांच्या गाड्या सारख्या, इंजिनं सारखी. म्हणून प्रत्येक इंजिनाला आयोजकांचं सील. ते कुणी तोडायचं नाही. अंतिम शर्यत जिंकून गंधार उतरला, तेव्हा त्याच्या इंजिनाचं सील तुटलेलं सापडलं. तेव्हापासून गाव त्याला 'सीलतोड्या' म्हणत होतं. ठरलेलं लग्नही मोडलं.

"म्या नाही तोडलं हो, आईची आन! एकदा छापून आलं का मंग कोणाले सांगू?" त्याने हात जोडले.

"कुणाची तरी साक्ष हवी."

उघड्या बॉनेटमागून गुलाम रसूल पुढे आले. गॅरेज त्यांचं. गंधारला गाडी त्यांनीच शिकवली होती आणि त्या शर्यतीत मेकॅनिकही तेच होते.

"सील म्या तोडलं, बेटा. आदल्या दिवशी ऑइल गळून राह्यलं होतं, इंजिन खोलल्याबिगर थांबत नव्हतं. सांगतलं असतं तर तुही गाडी थांबवली असती त्यायनं. वाटलं, कोणी पाहणार नाही."

गंधार त्यांच्याकडे वळला.

"सहा वर्षं माह्यासंगं बसून तुमी त्या लोकायले शिव्या देल्या, चाचा."

"बोलाची हिंमतच नाही झाली."

निवेदिताने लॅपटॉप पुढे ओढला. "निकाल बदलणार नाही. पण खाली एक टीप टाकता येईल. सील चालकाने नाही, मेकॅनिकने तोडलं, अशी. नावानिशी." ती गुलाम रसूलांकडे वळली. "पूर्ण नाव सांगता?"

त्यांनी गंधारकडे पाहिलं.

गंधारने डोळे पुसले आणि निवेदिताच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"गुलाम रसूल शेख चांद," तो म्हणाला. "मोताळा, जिल्हा बुलढाणा. बराबर लिहा मॅडम, 'सू'ले दुसरा उकार हाय."