केतकीचा खो

पाठीवरच्या पट्ट्याने शरयूला हलकेच ढकललं, कानाशी आवाज आला, "खो!" आणि ती उठून सुटली.

"शून्य पूर्णांक सोळा सेकंद!" घोरपडे सर टॅबलेटवर बघत ओरडले. "अख्ख्या संघात कुणी एवढ्या लवकर उठत नाही."

खो केतकीचा होता. तीन वर्षांच्या सरावात पाठीवरच्या सेन्सर लावलेल्या पट्ट्यांनी प्रत्येक मुलीचा हात साठवून ठेवला होता. कोणाच्या हाताला किती जोर, कोणाची बोटं कुठे टेकतात, कोणाचा आवाज कसा, सगळं. मे महिन्यात केतकी अपघातात गेली आणि दुसऱ्या कुणाच्याही खोवर शरयू उशिरा उठू लागली. राज्य स्पर्धा तोंडावर होती. म्हणून सरांनी सरावापुरता शरयूच्या पट्ट्यात केतकीचा हात चढवला.

"पण तिसऱ्या पावलाला तुझा खांदा मागे वळतो," सर म्हणाले. "सकाळपासून बावीस वेळा. स्पर्धेत सरळ फाउल देतील. मागे बघतेस तरी काय?"

शरयू धापा टाकत होती. "खो देणारी माझ्या जागेवर बसते ना, सर. ती बसली का, ते बघते."

सरांनी रांगेकडे पाहिलं. सात मुली बसल्या होत्या आणि मधली एक जागा मोकळी होती.

"तिथं कोणी नसतं, बाळा," ते हळू आवाजात म्हणाले. "तुला माहीत आहे ना?"

"उठताना नसतं माहीत, सर," शरयू म्हणाली. "तिसऱ्या पावलाला आठवतं."