उंबऱ्यावरचा बेल

"स्टेशनाजवळच उतर, जुन्या शहरात नको," परभणीहून निघताना भावाने भामाला बजावलं होतं. पण कार्तिकातली देवदर्शनं पायी व्हावीत म्हणून तिने चारमिनारमागेच खोली घेतली. निजामी जाऊन जेमतेम दोन महिने झाले होते.

रोज सकाळी उंबऱ्यावर बेलाची ताजी पानं! करणीच असणार, म्हणून ती चिमट्याने उचलून फेकायची. एका पहाटे शेजारची जैनबबी पानं ठेवतानाच सापडली.

"काय मांडलंय हे माझ्या दारात?"

"मन्नत है, माँ. मेरा बच्चा तुम्हारे परभनी की गड़बड़ में अटका है. इदर मैं तुम्हारी पूजा संभाली, तो उदर कोई उसको संभालेंगा."

 

भामाने मुलाचं नाव विचारून घेतलं, पानं हाताने उचलून पदरात बांधली आणि उरलेली देवळं तशीच ठेवून परभणीची गाडी धरायला निघाली.