ठेवा की उडवा

"उडवा," साहेब म्हणाले.

फोटोग्राफरने बटण दाबलं. कॅमेऱ्यामागच्या छोट्या पडद्यावरून टेलिफोनवाल्या बाई नाहीशा झाल्या. खुर्चीवर मात्र अजून बसलेल्याच होत्या.

"झालं? जाऊ मी?"

"जा, जा. फोन वाजतोय तुमचा."

रांगेतल्या हेडक्लार्कने कान टवकारले. ओळखपत्रासाठी सगळ्यांचे फोटो काढायचेत, अशी नोटीस सकाळी लागली होती. पण तेवढ्यासाठी साहेब स्वतः कशाला येऊन उभे राहतील? आणि वीस जणांच्या ऑफिसातले निम्मे जाणार, ही कुजबुज तर पंधरा दिवस चालली होती.

आता खुर्चीत स्टोअरकीपर बसला. हा गृहस्थ जेवण झालं की खोक्यांमागे घोरायचा, आणि उठवायला येणाऱ्यालाच "जरा हळू बोला" म्हणून दटावायचा. क्लिक झालं. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्यात नाक खुपसलं.

"मोठा करून दाखवा जरा. चेहरा स्पष्ट आहे? ठेवा."

हेडक्लार्कने रांगेतून मान लांब करून पाहिलं. घोरणारा ठेवा, आणि वर्षभरात एक रजा न घेणारी बाई उडवा! स्टोअरकीपर नक्की वरच्या कुणाचा तरी मेहुणा असणार.

"भाऊ, पुढे सरका की," मागून टायपिस्ट बाई म्हणाल्या. "फोटो काढायचाय, दात नाही."

हेडक्लार्क खुर्चीत बसला. हसावं की गंभीर दिसावं हे ठरेपर्यंत क्लिक झालंसुद्धा. साहेब पडद्याकडे बघून हसले.

"वा! उडवा."

"साहेब, डोळे मिटले असतील माझे. अजून एक घेऊ या ना."

"काही गरज नाही हो. जा तुम्ही, फायली वाट बघतायत."

जाताजाता साहेबांनी पाठही थोपटली. हा माणूस बावीस वर्षांत पाठ थोपटायला कधी जागेवरून उठला नव्हता! हेडक्लार्कचा संशय पक्का झाला.

मागोमाग टायपिस्ट बाईही उडाल्या.

फायली वाट बघत राहिल्या. हेडक्लार्क कपाटाआड उभा राहून मोजत होता. रोज अकराला उगवणारा ठेवला. कॉम्प्युटरवर पत्ते खेळणारा ठेवला. चहाला जाऊन जेवून येणारा तर दोनदा फोटो काढून ठेवला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत दहा ठेवले, दहा उडाले. निम्मे म्हणजे बरोबर निम्मे. मुलीच्या कॉलेजची दोन वर्षं अजून बाकी होती. या वयात दुसरीकडे नोकरी कोण देणार?

साहेब डबा खायला केबिनमध्ये गेले, तसा हेडक्लार्क फोटोग्राफरजवळ सरकला.

"माझा एक ठेवायला सांगितलाय साहेबांनी."

"मघाशी तर उडवा म्हणाले."

"तेव्हा कॉलर वाकडी होती."

फोटोग्राफरने कॉलरकडे बघितलं. ती आत्ताही वाकडीच होती. पण त्यालाही भूक लागली होती.

"बसा."

पहिल्या फोटोत हेडक्लार्कला शिंक आली. दुसऱ्यात पंख्याच्या वाऱ्याने टकलावर बेतून बसवलेले केस तुऱ्यासारखे उभे राहिले. दर क्लिकला तो खुर्चीतून उठून पडद्याकडे धावे आणि परत येऊन बसे. तिसऱ्या वेळी त्याने कॅमेरा सरळ हातातच घेतला. मिशीचा केस न् केस मोजता येईल इतका फोटो मोठा करून पाहिला.

"हा! हाच ठेवा."

"नाव, हुद्दा सांगा. खाली छापायचंय."

हेडक्लार्कने नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, न विचारता टेबल नंबरही सांगितला.

तेवढ्यात टायपिस्ट बाई डबा धुऊन आल्या. "काय हो भाऊ, परत काढलात? माझाही घ्यायला सांगा ना. माझा कसा आला कुणास ठाऊक."

हेडक्लार्कला क्षणभर वाईट वाटलं. पण आणखी एकीची गर्दी कशाला?

"तुमचा उत्तम आलाय," तो म्हणाला. "मी स्वतः पाहिला पडद्यावर."

दुसऱ्या दिवशी तो दहा मिनिटं लवकरच पोचला. गेटवर नवा वॉचमन होता. टायपिस्ट बाई त्याला मान डोलावून आत गेल्या. त्यांच्या मागून हेडक्लार्क निघाला, तेवढ्यात वॉचमनची काठी आडवी आली.

"अरे, मी हेडक्लार्क आहे इथला!"

"हो, खाली लिहिलंय ना," वॉचमनने गेटवरच्या आपल्या केबिनच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "आजपासून ज्यांना आत सोडायचं नाही, त्यांचे दहा फोटो देणार होते मला, निघाले अकरा. पण साहेब, तुमच्याइतका स्पष्ट एकाचाही नाही आला!"