लाईट येईपर्यंत

"काका, घ्यायच्या आधी ह्याच्यावर एक गेम खेळून बघू का?" मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून अर्पितानं जिंतूरच्या दुकानात बिनधास्त विचारलं.

"लाईट येऊ दे, मग खेळ," दुकानदार हसत म्हणाले.

दहावीच्या मार्कांवर खूश होऊन मामानं जूनमध्येच गेमिंग मॉनिटर कबूल केला होता. लय मोठा, फोर के, एकशे चव्वेचाळीस हर्ट्झचा. सगळी दुकानं पालथी घातल्यावर तो आज इथं सापडला होता.

बंद पडद्यात अर्पिता स्वतःला न्याहाळू लागली. मागं मैत्रिणी दिसायला हव्या होत्या. दिसले ते आई-पप्पा, दिवाळीनंतर ऊसतोडीला लांब कारखान्यावर गेलेले. आईच्या डोक्यावर उसाची मोळी होती.

तिनं वळून पाहिलं. मागं मैत्रिणीच खिदळत होत्या. शेजारच्या पडद्यांतही त्याच.

तिनं फोन लावला. पडद्यातल्या आईनं मोळी खाली टाकली आणि कमरेचा फोन काढून कानाला लावला.

"बोल माय," फोनमधून आवाज आला. "आत्ताच मोळी टाकली बघ. पप्पा बी इथंच हाईत."

पडद्यातल्या पप्पांनी अर्पिताच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा खरंच जड झाला.

तेवढ्यात लाईट आली. दुकानदारांनी मॉनिटरच्या बटणाकडे हात नेला. अर्पितानं तो मधेच घट्ट धरला.

"आई, पप्पा, मी हाच घेणार हाय," ती फोनवर म्हणाली. "पण कधीच चालू करणार न्हाई."